सुयांची वही

मनोवारा आपा शीतलक्ष्या नदीच्या पलीकडे, बंदर नावाच्या गावात राहतात. सकाळी साडेसहाच्या होडीने अलीकडे येतात, घाटावरून टेम्पोने फतुल्ल्याला, आमच्या कपड्यांच्या कारखान्यात. होडीत बाकीच्या बायका गप्पा मारतात, केस सारखे करतात, कुणी डब्याचं झाकण घट्ट आहे ना ते बघते. आपा समोरच्या माणसाच्या शर्टाकडे बघत असतात. खांद्याची शिलाई, बटणाखालचा दोरा, बाहीची दुमड. एकदा त्यांनी एका अनोळखी माणसाला सांगितलं होतं, "भाई, काखेत टाका सुटलाय. आज घरी गेल्यावर शिवून घ्या, नाहीतर बाही हातात येईल." अख्खी होडी हसली, तो माणूस सोडून.

"डोळ्यांना जरा सुट्टी द्या की, आपा," मी म्हटलं होतं.

"डोळे मिटले तर हातांना दिसतं गं. सुट्टी कुणाला देऊ?"

सोळाव्या वर्षी त्या दोरे कापायच्या कामाला लागल्या. मग मशीनवर बसल्या. मग नजर बघून कुणीतरी त्यांना तपासणीच्या टेबलाशी उभं केलं, आणि गेली बारा वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या टेबलाच्या प्रमुख होत्या. शेवटचं टेबल म्हणजे ज्याच्या पुढे फक्त पॅकिंग आणि खोका. मी त्याच टेबलाच्या कोपऱ्याला बसून रिपोर्ट लिहायचे. चार वर्षं मी त्यांच्या आवाजात आकडे ऐकले आणि कागदावर उतरवले.

नवी मुलगी टेबलावर आली की आपा तिला आधी काम शिकवत नसत, निकाल शिकवत.

"गिऱ्हाइकाचा माणूस येतो तेव्हा निकाल किती असतात?"

"दोन. पास नाहीतर फेल."

"तीन. पास म्हणजे माल चांगला असं समजू नकोस. पास म्हणजे त्याने दोनशे नगांना विचारलं आणि त्यांनी फार तक्रार केली नाही. बाकीचे हजारो नग गप्पच बसलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही. फेल म्हणजे उघडा सगळे खोके आणि बसा पहिल्यापासून. आणि तिसरा पेंडिंग. म्हणजे तो माणूस म्हणतो, मी ठरवत नाही, वर कळवतो. तिकडून उत्तर येईपर्यंत माल जागचा हलत नाही."

एकदा एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे लग्नाच्या बोलण्यांनंतर मुलाकडचे 'कळवतो' म्हणतात, तसं?"

"तसंच. फक्त इथे मुली नऊ हजार सहाशे."

सगळ्या हसल्या. आपाही हसल्या, पण हसताना त्यांचा अंगठा हातातल्या कपड्याच्या शिलाईवरून फिरतच होता.

त्या माघात आमच्याकडे बाळांच्या रॉम्परची ऑर्डर होती. गळ्यापासून पायापर्यंत एकसलग कपडा, पायांच्या मधोमध टिचबटणांची पट्टी. नऊ हजार सहाशे नग, चारशे खोके. याच गिऱ्हाइकाच्या आधीच्या दोन ऑर्डरी लागोपाठ फेल गेल्या होत्या. तिसरी गेली तर ते आमच्याकडे परत येणार नव्हते, आणि तिसरा मजला त्यांच्याच कामावर चालत होता. चार लाइन, दोनशे चाळीस माणसं. प्रॉडक्शन मॅनेजर वदूद साहेबांनी सगळ्यांना जमवून हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नव्हता. त्यामुळे ते जास्त खरं वाटलं.

इन्स्पेक्शन बुधवारी होतं. त्या दिवशी मजल्यावर कुणी 'फेल' हा शब्द तोंडातून काढत नाही. अगदीच गरज पडली तर बायका 'ते' म्हणतात. "ते झालं तर ईदला गावी जाणं नको," असं.

तपासायला सादमान साहेब आले. गिऱ्हाइकाच्या ढाक्यातल्या ऑफिसचा माणूस, तिशीचा, चेहऱ्यावर काही न दाखवणारा. कारखान्याचा चहाही घ्यायचा नाही हा त्यांच्या ऑफिसचा नियम, म्हणून पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा स्वतःचा आणलेला. वदूद साहेबांनी शिष्टाचार म्हणून तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा मान हलवली.

त्यांनी खोक्यांच्या थप्प्यांमधून फिरत स्वतः वीस खोके निवडले. खालचे, आतले, भिंतीला लागलेले. प्रत्येकातून दहा नग. दोनशे कपडे आमच्या टेबलावर आले. मोठे दोष दहापर्यंत चालणार होते, अकरावा सापडला की 'ते'. आणि बाळाला इजा होईल असा दोष एकही चालणार नव्हता. त्या रकान्यात शून्याशिवाय काही लिहिलं गेलं तर बाकीचे आकडे बघायचीही गरज नसते.

पहिला दोष साडेनऊला निघाला. कॉलरवर तेलाचा डाग. मी लिहिलं. दुसरा, शिलाईत टाका सुटलेला. तिसरा, एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. आपा सादमान साहेबांच्या समोर उभ्या होत्या, हात मागे बांधून. तपासणी चालू असताना कारखान्याच्या माणसाने कपड्याला हात लावायचा नाही. त्यांची बोटं पाठीमागे एकमेकांना चाचपत होती, ती फक्त मला दिसत होती.

दुपारच्या जेवणापर्यंत आठ झाले.

जेवायला आम्ही जिन्याखाली बसतो. आपांनी डबा उघडला, कुस्करलेल्या बटाट्याच्या भोरत्याचा एक घास भाताशी कालवला आणि तो तसाच बोटांत धरून बसल्या.

"किती राहिलेत?"

"चाळीसएक नग असतील," मी म्हटलं.

"चाळीस नगांत दोन," त्या पुटपुटल्या. "दोन चालतील. तीन नाही." मग घास डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

जेवणानंतर सादमान साहेबांनी सुयांची वही मागितली.

ही वही प्रत्येक मजल्यावर असते. मशीनवर सुई मोडली की शिवणारीने तिचे सगळे तुकडे शोधायचे, सुया वाटायच्या खिडकीशी नेऊन द्यायचे, मगच नवी सुई मिळते. तुकडे वहीत पारदर्शक पट्टीखाली जोडून चिकटवतात, म्हणजे सुई पुरी आहे हे कुणालाही दिसावं. शेजारी तारीख, मशीनचा नंबर, शिवणारीचं नाव. एखादा तुकडा सापडला नाही तर ती लाइन थांबवायची आणि टेबलावरचे सगळे कपडे बाजूला काढायचे. दिवस संपताना टेबलाच्या प्रमुखाने, म्हणजे आपांनी, पानाखाली सही करायची.

आम्ही दोघी वही आणायला गेलो. सुयांच्या खिडकीपासून आमच्या टेबलापर्यंत लांबलचक बोळ आहे, एका बाजूला खिडक्यांचा. आपा चालता चालता पानं उलटत होत्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. शनिवारच्या पानावर त्या थांबल्या. वही बोळातल्या एका खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली.

"रुमकी, ही बघ."

दुरुस्तीचं मशीन, नंबर सात. नाव लाइजू. पट्टीखाली दोन तुकडे, कडेला कड लावून नीट जुळवलेले. मला सुई पुरी दिसली.

"रंग बघ."

वरचा तुकडा चांदीसारखा पांढरा होता. टोक किंचित पिवळं. टिचबटणांच्या पट्टीच्या मशीनला पिवळा मुलामा दिलेल्या सुया लागतात. दुरुस्तीच्या मशीनला पांढऱ्या.

पानाखाली आपांची सही होती. शनिवारची, घाईतली, शेवटचं अक्षर ओढलेलं.

दुरुस्तीचा कोपरा त्याच बोळाच्या टोकाला आहे. लाइजू मशीनवर वाकून बाही उसवत होती. बावीस वर्षांची, हाताने वेगवान, तोंडाने त्याहून. आपांना बघून ती म्हणाली, "काय आपा, जावईबापू काय म्हणतात? पसंत पडली का आमची पोरं?"

आपांनी वही तिच्यासमोर धरली आणि पिवळ्या टोकावर बोट ठेवलं. लाइजूचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याच्याखालून बाकी सगळं निघून गेलं तरी.

"टोक कुठे गेलं?"

"सापडलं नाही, आपा. खरंच शोधलं. मशीनखाली, पायांखाली, सगळीकडे लोहचुंबक फिरवलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? सुपरवायझर डोक्यावर उभा होता. शनिवारी चार लाइनींचा माल माझ्या एकटीकडे आला होता. म्हणाला, तुझ्या एका सुईपायी मजला थांबवू का?" तिने आवाज खाली आणला. "बटणपट्टीवाल्या पोरीकडे जुनी सुई होती. तिचं टोक मोडून दिलं तिने. सगळ्याच करतात, आपा."

"टेबलावर तेव्हा किती नग होते?"

"अठरा. नाहीतर वीस."

"कुठला रंग? कुठला साइज?"

"दुरुस्तीला सगळेच येतात की. हिरवे, पिवळे, राखाडी. आठवत नाही."

"आणि दुरुस्तीनंतर मेटल मशीनमधून गेले का ते?"

मेटल मशीन म्हणजे सुईचा तुकडा पकडणारं यंत्र. प्रत्येक कपडा त्याच्या पट्ट्यावरून जातो, आत लोखंडाचा कण असला तर ते ओरडतं आणि थांबतं. आमची टिचबटणं पितळेची, त्यांना ते काही करत नाही. दुरुस्त केलेला कपडा त्यातून पुन्हा न्यायचाच असतो.

लाइजू पुन्हा बाहीतला दोरा उसवू लागली. "मशीनवरचा माणूस जेवायला गेला होता. पॅकिंगवाले गठ्ठा उचलून घेऊन गेले. मी काही बोलले नाही."

आपा वळल्या. परत येताना त्या खिडकीच्या कठड्याला टेकून थांबल्या. बाहेर शेजारच्या रंगाऱ्याच्या गच्चीवर निळी कापडं वाळत होती.

"आपा, नका सांगू," मी म्हटलं. मी हे म्हटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. "टोक जमिनीवरच पडलं असेल. झाडून गेलं असेल केव्हाच."

"असेलही."

"दोनशे चाळीस माणसं आहेत."

"माहीत आहे मला. नावानिशी माहीत आहेत." त्यांनी वही छातीशी धरली. "एकोणीस वर्षं झाली असतील. दुसऱ्या कारखान्यात होते. बाळांचेच पायजमे, पिवळे. माझी सुई मोडली, टोक सापडेना. शेजारच्या हासनाने आपल्या सुईचं टोक मोडून माझ्या हातावर ठेवलं. मला वाटलं, बहिणीसारखी धावून आली. माल पास झाला. मालकाने मिठाई वाटली, मी दोन रसगुल्ले खाल्ले."

"मग?"

"मग काहीच नाही. कुठून काही कळलं नाही. एकोणीस वर्षं काही कळलेलं नाही." त्यांनी वही दुसऱ्या हातात घेतली. "माझी नीलुफा झाली, तेव्हा तिचा एकेक कपडा उलटा करून मी आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचे. सासू म्हणायची, सून खुळी आहे."

मग त्या हिशेब करावा तशा बोलू लागल्या, माझ्याशी नव्हे. "गप्प बसले आणि दोष दहाच्या वर गेले नाहीत, तर पास. संध्याकाळी खोक्यांवर त्याची सही होईल, मग मी स्वतः उघडून बघू म्हटलं तरी ती लबाडी. आत्ता सांगितलं, तर तो शून्याच्या रकान्यात एक लिहील, संपलं. किंवा लिहिणार नाही, वर कळवेल. तिन्ही निकाल आज माझ्याच हातात आहेत बघ, रुमकी. नको होते."

वही सादमान साहेबांच्या हातात दिली तेव्हा नववा दोष सापडला होता. त्यांनी पानं चाळली. शुक्रवार सुट्टी. शनिवार. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट पट्टीवरून खाली सरकलं, नावावरून, सहीवरून. पान उलटलं. रविवार. सोमवार. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि पुढचा कपडा ओढला.

एकशे एक्क्याण्णवाव्या नगावर दहावा दोष निघाला. टिचबटण वाकडं बसलेलं.

त्यानंतरचे नऊ नग किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. वदूद साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पलीकडच्या लाइनीवर मशीनं चालू होती, पण बायका कान इकडे लावून शिवत होत्या, त्यामुळे आवाजाला एक विचित्र तुटकपणा आला होता. एकशे शहाण्णव. सादमान साहेबांनी बाहीच्या आत दोन बोटं घातली, बाही उलटी केली, पुन्हा सरळ केली. एकशे अठ्ठ्याण्णव. त्यांनी एक दोरा ओढला, तो तुटला, शिलाई राहिली. दोनशे.

"दहा," ते म्हणाले. "काठावर आहात."

वदूद साहेबांनी खुर्चीची पाठ सोडली. "काठ तर काठ, सर. पडलो नाही ना!" लाइनीवर कुणीतरी हलकेच टाळी वाजवली.

सादमान साहेबांनी रिपोर्टचा शेवटचा कागद पुढे घेतला. निकालाच्या जागी तीन चौकोन असतात. त्यांचं पेन पहिल्या चौकोनावर आलं.

"सर, वहीतलं शनिवारचं पान पुन्हा बघता?"

आपांचा आवाज नेहमीसारखाच होता, डागाची जागा सांगावी तसा. सादमान साहेबांनी मान वर केली. वदूद साहेबांनीही.

"पान पाहिलं मी, आपा."

"टोकाचा रंग नाही पाहिला. टोक त्या सुईचं नाही. खरं टोक सापडलेलं नाही. त्या वेळी टेबलावर वीसेक नग होते, दुरुस्तीचे, ते मेटल मशीनमधून पुन्हा गेले नाहीत. या चारशे खोक्यांत कुठेतरी आहेत."

"मनोवारा!" वदूद साहेब म्हणाले. "तुम्हाला आजच मुहूर्त मिळाला?"

"मला तासाभरापूर्वी कळलं, सर."

"तासभर गप्प होतात ना? अजून दोन मिनिटं राहवलं नाही?"

सादमान साहेब वही उजेडात धरून बघत होते. "शिवणारी कोण?"

"नाव शेजारी लिहिलंय. पण सही माझी आहे. बघायचं काम माझं होतं, मी न बघता सही केली."

ते खुर्चीत मागे टेकले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं, ते थकलेले वाटले. "आपा, तुकडा माझ्या हाताला लागला असता तर मी फेल लिहून निघून गेलो असतो. सोपं होतं. हे ऐकलं नसतं तर पास. आता यातलं काहीच लिहिता येत नाही मला."

त्यांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली.

ढाक्याशी फोन झाले. संध्याकाळी पाच वाजता तिकडून उत्तर आलं: सगळे खोके उघडा, नऊ हजार सहाशे नग सादमान साहेबांच्या देखत मेटल मशीनमधून काढा, काय सापडतं ते कळवा, निकाल त्यानंतर. सापडलं तर काय आणि नाही सापडलं तर काय, हे त्यात नव्हतं.

त्या दिवशी होडीत आपांच्या शेजारी कुणी बसलं नाही. भांडण झालं नाही. बायका फक्त पुढच्या फळीवर दाटीवाटीने बसल्या.

गुरुवारी सकाळी आठला मशीन सुरू झालं. आधी लोखंडाचा ठरलेला कण पट्ट्यावर नऊ जागी ठेवून ते ओरडतंय ना ते बघितलं. मग खोका क्रमांक एक. पॅकिंगच्या मुली कपडे देत होत्या, दुसऱ्या बाजूला आपा घेत होत्या. पट्ट्यावरून हिरवे, पिवळे, राखाडी रॉम्पर एकामागून एक येत राहिले, पाय पसरून झोपल्यासारखे.

मजल्यावर सगळ्यांची एकच इच्छा होती: ते ओरडू नये. शेवटच्या नगापर्यंत गप्प राहिलं तर ढाक्याहून कळेल की सगळं ठीक, टोक जमिनीवरच पडलं असणार. कुणी ओठांत दुआ पुटपुटत होतं. लाइजूला दुरुस्तीवरून उठवून खोके उघडायला बसवलं होतं. ती खोक्यांच्या पट्ट्या कापत होती आणि डोळे पुसत होती, बाहीनेच, हात रिकामा नव्हता म्हणून.

आपांची इच्छा उलटी होती. मला ती त्यांच्या खांद्यांवरून कळत होती. प्रत्येक कपडा मशीनच्या पोटात शिरला की त्यांचे खांदे किंचित वर जायचे, तो नुसताच बाहेर आला की खाली.

साडेदहाला मशीन ओरडलं. सगळा मजला उभा राहिला. किमतीच्या चिठ्ठीला कुणीतरी टाचणी लावली होती. सव्वाबाराला पुन्हा. या वेळी कपड्यात काहीच नव्हतं, पट्ट्याला खोक्याची लोखंडी पिन लागली होती.

"आता ते खोकतंय," एक मुलगी म्हणाली. कुणी हसलं नाही.

जेवायच्या सुट्टीत दोनशे तीस खोके झाले होते. आपा जेवायला गेल्या नाहीत. मी मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि केळं आणून दिलं, ते तसंच टेबलावर राहिलं.

"नाही सापडलं तर?" मी विचारलं.

"तर सगळ्यांना आनंद होईल."

"आणि तुम्हाला?"

"मला वाटत राहील की मशीनला दिसलं नाही."

तीन वाजले. साडेतीन. तीनशे खोके. सादमान साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. तीनशे चौदाव्या खोक्यातला सातवा नग, फिकट राखाडी, तीन ते सहा महिन्यांचा. मशीन ओरडलं आणि पट्टा थांबला.

आपांनी कपडा उचलला. अर्धा हातात धरून बाकीचा पुन्हा आत सरकवला: ओरडलं. दुसरा अर्धा: गप्प. मग बाही वेगळी, पाय वेगळा. डावा पाय. सादमान साहेबांनी खुणेने परवानगी दिली, तशी आपांनी पायाच्या घडीवरून अंगठा फिरवला. एकदा. दुसऱ्यांदा अगदी सावकाश. तिसऱ्यांदा अंगठा एका जागी थांबला.

शिलाई उसवली. घडीच्या आत, कापडाच्या दोन पदरांमध्ये, ते टोक आडवं बसलं होतं. तांदळाच्या कणीएवढं, पांढरं.

एक मुलगी मटकन स्टुलावर बसली. सापडलं म्हणजे शून्याच्या रकान्यात एक, हे आपांनीच प्रत्येकीला शिकवलं होतं. लाइजू पट्टी कापायची सुरी हातात धरून उभी होती आणि त्या राखाडी पायाकडे बघत होती. "तिथे तर बाळाची टाच येते," ती म्हणाली.

सादमान साहेबांनी वहीतली पट्टी सोलली, पिवळं टोक बाजूला ठेवलं, आणि भिंगाखाली पांढरा तुकडा वरच्या तुकड्याला लावून पाहिला. मोडीची तिरकी कड कडेत बसली. त्यांनी भिंग आपांकडे सरकवलं. आपा वाकल्या, एक डोळा मिटून बघत राहिल्या, आणि त्याच अवस्थेत, वर न बघता, म्हणाल्या, "पुढचे खोके घ्या. शहाऐंशी राहिलेत."

शेवटचा खोका सव्वापाचला झाला. आणखी काही निघालं नाही.

शुक्रवार सुट्टीचा. तो दिवस कसा गेला ते तिसऱ्या मजल्यावरच्या प्रत्येक घराने आपापलं बघितलं. शनिवारी अकराच्या सुमारास उत्तर आलं. राखाडी रंगाचे त्या साइजचे सगळे नग बाजूला काढा, बाकीचा माल पाठवा. पुढच्या तीन ऑर्डरी पूर्णच्या पूर्ण आमच्या माणसासमोर मशीनमधून जातील. चुकीच्या सहीबद्दल कारखान्याने काय केलं ते लेखी कळवा.

मजला राहिला. खाली ट्रक भरला जात असताना बायका जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांच्यातली एक आपांजवळ येऊन नुसती उभी राहिली.

लेखी कळवायचं ते कारखान्याने कळवलं. लाइजूला पंधरा दिवस बिनकामाचं बसवलं, मग दुसऱ्या मजल्यावर घेतलं. सुपरवायझरला ताकीद मिळाली. आपांना शेवटच्या टेबलावरून काढून सुयांच्या खिडकीशी बसवलं. बारा वर्षांची नजर, आणि हातात सुयांच्या डब्या. वदूद साहेबांना वाटलं त्या सोडून जातील. त्या दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या होडीने आल्या.

खिडकीशी त्यांनी भिंग मागून घेतलं. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी दोन तुकडे घेऊन आली आणि खिडकीबाहेर घुटमळत राहिली. आपांनी हात पुढे केला नाही. "तिसरा नाही ना सापडत?" त्यांनी विचारलं. मुलीने मान हलवली. आपा उठल्या, लाइनीवर गेल्या आणि स्वतः बटण दाबून मशीनं बंद केली. सुपरवायझर धावत आला, "आपा, तासाचा हिशेब कोण देणार?" त्या तोवर गुडघ्यांवर बसल्या होत्या. "सांग, मनोवाराने थांबवलं. आणि तो पाय उचल, त्याच्याखाली बघू दे."

ते टोक नाही सापडलं. आपांनी वहीत पट्टीखाली दोन तुकडे लावले, तिसऱ्याची जागा मोकळी सोडली आणि शेजारी लिहिलं: सापडलं नाही, बावीस नग बाजूला. त्या वहीत असं वाक्य पूर्वी कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

चैत्रात वदूद साहेब वही बघायला आले. मी तिथेच बसले होते, खिडकीचे रिपोर्ट आता मीच नेते. त्यांनी पानं उलटली. दर दोन-तीन पानांनी एक मोकळी जागा होती.

"मनोवारा, हे काय चाललंय? दोन महिन्यांत अकरा सुया अपुऱ्या? आधी तर वर्षात एखादीही नसायची!"

आपा एका सुईचं टोक भिंगाखाली धरून बघत होत्या.

"आधीही इतक्याच असतील, सर," त्या म्हणाल्या.